न मागता आलेली पुस्तकं

[नाशिक, इंदिरानगर. सोसायटीचं पार्किंग. रिक्षातून पेटी उतरते.]

दोघांनी धरल्याशिवाय ही पेटी हलत नाही. पत्र्याची, कडी-कोयंड्याची ट्रंक. आत शंभर पुस्तकं, शेजाऱ्यांनी मिळून भरलेली.

लिफ्टनं ती चौथ्या मजल्यावर जाते. पुढचे चार महिने तिचा मुक्काम याच घरात. इमारतीतल्या कुणीही संध्याकाळी सात ते आठ या वेळात बेल वाजवावी. वर्गणी नाही, अनामत नाही. एक वही आहे. नाव, फ्लॅट नंबर, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख.

[झाकण उघडतं. आतल्या बाजूला चिकटवलेली यादी.]

यादी नीट बघा. पहिलं पुस्तक ऐतिहासिक कादंबरी. दुसरं पक्ष्यांची ओळख करून देणारं. तिसरं एका परिचारिकेचं आत्मकथन. चौथी रहस्यकथा, पाचवं लोणची-मुरंब्यांचं, सहावं अभंगांवरचं निरूपण, सातवं हिमालयातल्या पायी प्रवासाचं. कादंबऱ्या एकीकडे, चरित्रं दुसरीकडे, अशी मांडणी इथं सापडणार नाही. ती मुद्दाम मोडली आहे. रहस्यकथा शोधणाऱ्याचा हात आधी पक्ष्यांवरून फिरावा, कैरीच्या लोणच्यासाठी आलेल्या काकूंच्या नजरेला ते आत्मकथन पडावं, एवढ्यासाठी.

ही पेटी भरणाऱ्या वाचकांचा एक आग्रह आहे आणि तिचं चित्रीकरण करणाऱ्या आमचाही तोच आहे. वाचकाला मागितलेलं पुस्तक मिळायलाच हवं. पण न मागितलेलंही त्याच्या वाटेत यायला हवं.

[टेबलावर पुस्तकांचे ढीग. प्लॅस्टिकची कव्हरं, चिकटपट्टी, शिक्का.]

पेटी भरायला तीन रविवार लागतात. आधी पुस्तकं जमिनीवर पसरायची. मग निवड. एका लेखकाची दोनच्या वर पुस्तकं नकोत. कादंबऱ्या तिसाच्या आत. कवितेची किमान पाच, नाटकाची किमान पाच. यावर दरवेळी वाद होतो, कारण ‘नाटक वाचायला कोण नेतं?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उत्तर ठरलेलं आहे: पेटीत असेल तर कुणीतरी नेईल, नसेल तर कुणीच नेणार नाही.

लहान मुलांची पुस्तकं तळाशी जाऊ द्यायची नाहीत. मोठ्या अक्षरातली दहा तरी हवीत, कारण इमारतीत आजी-आजोबा आहेत. विज्ञानाची, शेतीची, आरोग्याची, कायद्याची हवीत. द्राक्षबागेवरचं एक असतंच. हा नाशिक जिल्हा आहे, इथं फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाचीही निफाडला, दिंडोरीला बाग असते किंवा मामाची तरी असते.

मग प्रत्येक पुस्तकाला पारदर्शक कव्हर. पहिल्या पानावर शिक्का आणि क्रमांक. सैल झालेल्या पानांना खळ लावून वजनाखाली ठेवायचं. तळाशी कडुलिंबाची वाळलेली पानं, कसर लागू नये म्हणून. पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूनं येणारी ओल कपाटातल्या पुस्तकांनासुद्धा सोडत नाही, तर ट्रंकेचं काय. म्हणून जून ते सप्टेंबर पेटी दर आठवड्याला उघडून तासभर पंख्याखाली ठेवतात.

[कुसुमाग्रज स्मारक. बाहेरचं दृश्य, मग आवार.]

पेटीची ही कल्पना नाशिकचीच. २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती सांभाळणारा एक वाचक, त्याच्याभोवती जमलेले शेजारी. ठरावीक महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्या गटाकडे जायची आणि दुसऱ्याची पहिल्याकडे यायची. प्रत्येक पेटीत वेगळी पुस्तकं. लोकांनी वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ देणग्या दिल्या आणि पेट्या वाढत गेल्या. नाशिकमधून त्या राज्यात गेल्या, दुबईसारख्या परदेशी शहरांतल्या मराठी घरांत गेल्या. इंदिरानगरातली ही पेटी त्या उपक्रमाचा भाग नाही. शेजाऱ्यांनी त्याच धर्तीवर, स्वतःच्या खर्चानं भरलेली आहे.

[नाशिकरोड. कारागृहाची उंच भिंत, रस्त्यावरून.]

प्रतिष्ठानच्या पेट्या या भिंतीच्या आतही गेल्या. आत आम्हाला चित्रीकरण करता आलेलं नाही. पण भिंतीपाशी थांबायला हवं. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. महाराष्ट्रातल्या घराघरांत गेलेलं पुस्तक या गावच्या तुरुंगातून बाहेर पडलं. पुढं याच गावच्या तुरुंगात पुस्तकं पेटीतून आत गेली.

[टिळक पथ. सार्वजनिक वाचनालयाची पाटी, पायऱ्या, आतली कपाटं.]

आता थोडं मागं जाऊ. बरंच मागं.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, गावाच्या तोंडी ‘सावाना’. स्थापना १८४०. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या ज्या पुस्तकाचं नाव घेतात, ते छापलं गेलं १८५७ मध्ये. म्हणजे नाशिकचं वाचनालय मराठी कादंबरीहून सतरा वर्षांनी मोठं आहे. ते सुरू झालं तेव्हा कादंबरीचं कपाट नव्हतंच, कारण मराठीत कादंबरीच नव्हती.

हे लक्षात ठेवून या कपाटांकडे पाहिलं की ती वेगळी दिसायला लागतात. इथला एकेक विभाग एकेका काळी नवा पाहुणा होता. कादंबरी आली तेव्हा पोराबाळांना बिघडवणारी म्हणून तिच्याकडे संशयानं पाहणारे होते. मग नाटकांची छापील पुस्तकं आली. मग मासिकं. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि एका वेष्टनात कथा, कविता, लेख, चित्रं असं सगळं एकत्र बसायला लागलं. मराठी माणसाला सरमिसळ वाचायची सवय लावली ती दिवाळी अंकांनी. कवितेसाठी अंक घेणारा शेवटी राशिभविष्यापर्यंत जातो आणि राशिभविष्यासाठी घेणारा कधीमधी एखाद्या कवितेशी अडखळतो.

पुढं रहस्यकथा आली. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजाराहून जास्त लिहिल्या. वाचनालयांमध्ये त्या इतक्या हातांतून गेल्या की बांधणी उसवली, पानं पिवळी पडली, मुखपृष्ठं गळाली. समीक्षकांनी फार विचारलं नाही, पण वाचायची सवय कित्येक घरांना त्यांनीच लावली. आम्हाला हे ठामपणे सांगायचं आहे. या पेटीत रहस्यकथा असते आणि असायलाच हवी.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं एक कथा आली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती दुसऱ्याच्या हातानं उतरवलेली होती. बक्षीस मिळालं आणि कळलं, लेखक जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी करून ठेवली होती. खगोलशास्त्र शिकवणारा माणूस कथा लिहितो म्हटल्यावर विज्ञानकथेच्या कपाटाला एकदम वजन आलं. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच.

[शिडीवर चढून पुस्तक काढणारा कर्मचारी. मग उघडी मांडणी, पुस्तकं चाळणारे वाचक.]

वाचनालयांमध्ये पूर्वी कपाटं बंद असत. तालिकेत नाव शोधायचं, चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा, देवघेवीच्या खिडकीत द्यायची. पुस्तक आत जाऊन कुणीतरी आणायचं. या पद्धतीत ठाऊक असलेलंच पुस्तक मिळतं. ठाऊक नसलेल्याची चिठ्ठी कशी लिहिणार? कपाटं उघडी झाली आणि शेजारचं पुस्तक दिसायला लागलं. ग्रंथपालांचे गुरू शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हा दुसरा नियम आपण पाळतो. तिसरा आहे ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. पुस्तकाच्या बाजूनं विचार करणारा हा नियम आपण विसरतो. कपाटात दहा वर्षं पडून असलेल्या पुस्तकाचाही वाचक याच गावात असतो, फक्त त्या दोघांची गाठ पडलेली नसते.

[पुन्हा चौथा मजला. वहीची पानं उलटताना.]

गाठ कशी पडते ते या वहीत दिसतं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका. पहिल्या चार नोंदी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या. पाचवी नोंद नाटकाची, वसंत कानेटकरांच्या. काकांना शिवकाळ हवा होता, तो नाटकात मिळाला. मग त्याच लेखकाचं विनोदी नाटक, मग संगीत नाटक. कानेटकर हे सगळं लिहीत होते आणि नाशिकच्या महाविद्यालयात शिकवतही होते. एका माणसाच्या लेखणीत एवढे प्रकार, तर आपण वाचकांनी एकाच प्रकाराला चिकटून का बसायचं?

शेजारच्या पानावर एक ताई. कथासंग्रह हवा म्हणून आल्या, बाबूराव बागुलांचा घेऊन गेल्या. बागूल इथल्याच विहितगावचे. त्यांचा पहिला कथासंग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेचं घर, गल्ली, बोली, सगळं बदललं. ताईंनी तो दहा दिवस ठेवला. परत करताना त्यांनी पेटीतून वामनदादा कर्डकांची गीतं उचलली. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षर ओळखायला शिकलेला माणूस, आणि त्यांची गीतं गावोगाव लोकांच्या ओठांवर. कथेतून गीताकडे ही वाट कुठल्या यादीत आखलेली नव्हती.

[नांदूरमध्यमेश्वर. पहाट. पाणी, पाणवनस्पती, पक्षी. मनोऱ्यावर एक मुलगा, हातात पुस्तक.]

आणि हा आठवीतला मुलगा. पेटीतलं पक्ष्यांचं पुस्तक त्यानं तीनदा नेलं. म्हणून वडिलांनी त्याला इथं आणलं. निफाड तालुका, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं नांदूरमध्यमेश्वर. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ क्षेत्र. बोट ठेवून तो एकेक चित्र जुळवतो. चक्रवाक. शराटी. पाणकावळा. पाणगवताच्या आडोशाला जांभळी पाणकोंबडी. पुस्तकात नसलेला एक पक्षी दिसला तर पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यानं पेन्सिलनं नोंद केली. खरं तर पेटीतल्या पुस्तकात लिहायचं नाही असा नियम आहे. ही नोंद मात्र गटानं खोडलेली नाही.

[मुंबई-आग्रा महामार्ग. हॉटेलच्या भिंतींवर पुस्तकांच्या फळ्या, टेबलावर मिसळ आणि पुस्तक.]

नाशिकहून ओझरकडे जाताना, दहाव्या मैलावर, पुस्तकांचं हॉटेल आहे. एका आजींनी उभं केलेलं. ऑर्डर येईपर्यंत टेबलावरचं पुस्तक चाळायचं. इथं वर्गवारी कुणी विचारत नाही. ट्रकचालकाच्या हाती कविता येते, कॉलेजच्या पोरांच्या हाती चरित्र. मिसळ आली की पुस्तक अर्ध्यात बंद होतं हे खरं. पण नाव डोक्यात राहतं आणि पुढच्या फेरीला तेच पुस्तक मागणारे गिऱ्हाईक असतात.

[शहरातली एक अभ्यासिका. स्पर्धापरीक्षेची जाड पुस्तकं, वाकलेल्या माना.]

शहरात सकाळी सातला अभ्यासिकांमध्ये जागा मिळत नाही. मुलं मन लावून वाचतात. वाचतात ते परीक्षेसाठी, आणि त्यात गैर काही नाही. पण या टेबलांच्या टोकाला एक पेटी ठेवायला हवी. दोन तासांनी डोळे शिणतात, तेव्हा हात मोबाइलकडे जाण्याआधी एखाद्या प्रवासवर्णनाकडे जाऊ शकतो. इंदिरानगरच्या गटानं एका अभ्यासिकेला विचारलं आहे. होकार आला आहे.

[पेटी परत भरली जाते. वहीचं शेवटचं पान.]

चार महिने झाले. शंभरातली बहुतेक पुस्तकं कुणी ना कुणी नेली, तीन परत यायची आहेत, आणि इमारतीतल्या दोन घरांनी स्वतःची पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली.

[जमिनीवर पसरलेली नवी पुस्तकं. चौघे बसलेले.]

पुढच्या पेटीची निवड सुरू आहे. प्रवासवर्णनं आठवरून बारा करायची ठरलं. लोणच्यांचं पुस्तक तसंच ठेवायचं, त्याला सगळ्यात जास्त मागणी होती. कवितेची पाचही पुस्तकं नेली गेली, म्हणून आता सात. नाटकांवर वाद अजून मिटलेला नाही. वहीतले ते बँकेचे काका आता स्वतः गटात आले आहेत आणि ते दहा म्हणतायत. ज्यांच्याकडे वाचून झालेली, चांगल्या स्थितीतली मराठी पुस्तकं पडून आहेत, त्यांच्याकडून विज्ञानाची आणि मुलांची आधी हवी आहेत. पेटी येत्या रविवारी अभ्यासिकेत जाईल.