हलका ड्रायव्हर नेमकं काय देतो?

मित्रहो, डिस्क गोल्फ (डिस्क फेकून कमीत कमी थ्रोमध्ये टोपलीत घालायचा खेळ) खेळणारे चार जण एकत्र जमले की एक प्रश्न हमखास निघतो: लांब टाकायची तर डिस्क हलकी घ्यावी की जड? एक गट म्हणतो, हलकी डिस्क हातातून जोरात सुटते, म्हणून लांब जाते. दुसरा म्हणतो, हलकी डिस्क वाऱ्यात भरकटते, तिचा भरवसा नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण पहिल्या गटाने कारण चुकीचं धरलंय. हलका ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीसाठीची हलकी डिस्क, अंतर वाढवतो ते सुटतानाच्या वेगामुळे फारसं नाही. सुटल्यानंतर तो हवेत किती वेळ टिकतो आणि कसा वळतो, त्यातून ते अंतर येतं. एवढं नीट समजलं की कोर्स कोणासाठी सोपा होतो आणि कोणासाठी अवघड, तेही आपोआप उलगडतं.

आधी हलकी म्हणजे किती हलकी ते पाहू. पीडीजीए या व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमानुसार डिस्कचं वजन तिच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचा व्यास २१ सेंटिमीटरच्या जरासा वर असतो, म्हणून त्याची कमाल मर्यादा १७५ ग्रॅमच्या आसपास येते. खेळाडू ज्याला हलका ड्रायव्हर म्हणतात तो १५० ग्रॅमच्या जवळपास किंवा त्याखाली.

असा ड्रायव्हर बनवणं दिसतं तितकं सोपं नाही. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेसने उतरत्या, धारदार कडेची ईगल ही डिस्क आणली आणि खेळाची तऱ्हाच बदलली. त्यानंतर ड्रायव्हरची रिम, म्हणजे बाहेरची जाड कड, रुंद होत गेली; आज नियमानुसार ती २.६ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. रिम रुंद म्हणजे त्यात प्लॅस्टिक जास्त, आणि साचा ठरलेला असल्यामुळे वजन मनाला येईल तितकं उतरवता येत नाही. यावर इनोव्हा कंपनीने ब्लिझर्ड प्लॅस्टिकमध्ये उपाय शोधला: प्लॅस्टिकमध्येच बारीक बुडबुडे. अशी डिस्क उजेडासमोर धरून पाहा. मधला पातळ भाग जवळजवळ आरपार दिसतो, आणि जाड रिममध्ये बुडबुड्यांची दाट रांगोळी दिसते. म्हणजे वजन कमी झालंय ते मुख्यतः कडेचं. हे ध्यानात ठेवा, पुढे याला फार महत्त्व आहे.

आता सुटतानाच्या वेगाकडे येऊ. १७५ ग्रॅमची डिस्क १५० ग्रॅमवर आणली आणि हाताने तिला दिलेली ऊर्जा तेवढीच राहिली असं मानलं, तर कागदावर वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. पण आपण फक्त डिस्क फेकत नाही; पंजा, मनगट, आख्खा हात तिच्यासोबत फिरवतो. त्या हाताचं वजन काही किलो आहे. त्यापुढे डिस्कचे २५ ग्रॅम कमी झाले तर हाताला ते जेमतेम जाणवतं. त्यामुळे हे ८ टक्के कागदावरच राहतात, प्रत्यक्षात पदरात पडतो तो त्याचा छोटासा अंश. जोरात सुटते म्हणून लांब जाते, हे म्हणणं इथेच लंगडं पडतं.

मग फायदा कुठून येतो? डिस्क हवेत राहते ती हवा तिला वर उचलते म्हणून. हे उचलणं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. डिस्क हलकी असेल तर तिला तोलून धरायला कमी वेग पुरतो. १५० ग्रॅमसाठी हिशेब केला तर तो १७५ ग्रॅमपेक्षा सुमारे ७ टक्के कमी भरतो. म्हणजे जी डिस्क तरंगत राहायला ताशी ८६ किलोमीटर मागत होती, ती आता ८० वर समाधानी आहे. ज्याचा हात मुळातच ताशी ८० किलोमीटरचा आहे, त्याला हा फरक फार मोठा आहे. ताशी ११० किलोमीटरने फेकणाऱ्याकडे वेग आधीच उरलेला असतो, त्याला या सवलतीचं फारसं अप्रूप नाही.

पण एवढ्याने भागत नाही. खरी गंमत वळणात आहे. ड्रायव्हरवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड (डिस्क किती वेगासाठी घडवली आहे), ग्लाइड (ती किती तरंगते), टर्न आणि फेड. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा आणून, टाकणाऱ्याची डिस्क वेगात असताना उजवीकडे झुकते, तो टर्न. वेग ओसरला की डावीकडे पडते, तो फेड. पूर्ण लांबी मिळते ती या दोन्हींचा मेळ बसला तर. डिस्क आधी उजवीकडे कलते, सपाट होते, आणि शेवटी डावीकडे परतते. आडवी ताणलेली ही एस आकाराची वाट नुसत्या सरळ-मग-डावीकडे वाटेपेक्षा बरीच लांब पडते.

आता अडचण अशी की रुंद रिमचे ड्रायव्हर वेगवान हातांसाठी घडवलेले आहेत. पुरेसा वेग नसेल तर ते टर्न दाखवतच नाहीत. हळू हाताच्या खेळाडूने १७५ ग्रॅमचा, स्पीड १२ चा ड्रायव्हर टाकला की तो थोडं सरळ जातो आणि लगेच डावीकडे कोसळतो. खेळाडूला वाटतं आपली ताकद कमी पडली. खरं तर त्या डिस्कचा पहिला अर्धा प्रवास घडलेलाच नसतो.

हलक्या ड्रायव्हरमध्ये दोन गोष्टी बदलतात. पहिली, तिला कमी उचल पुरते, म्हणून ती हवेला अधिक सपाट भिडते. सपाट भिडणारी डिस्क उजवीकडे झुकते आणि बराच वेळ तशीच राहते. नाक (पुढची कड) वर करून फेडमध्ये शिरण्याची वेळ तिच्यावर उशिरा येते. दुसरी गोष्ट स्पिनची. जड भोवरा धक्का लागला तरी डोलत नाही, हलका लगेच डोलतो. हवा डिस्कला तोलाबाहेर ढकलत असते, आणि त्या ढकलण्याला प्रतिकार करते ती फिरत्या वजनाची जडता. १५० ग्रॅमच्या डिस्कमध्ये ही जडता सातव्या हिश्श्याने कमी, आणि बुडबुडे रिममध्ये असतील तर त्याहूनही कमी, कारण कडेचं वजनच स्पिनला सर्वांत जास्त आधार देतं. त्यामुळे हवेच्या त्याच ढकलण्याने डिस्क लवकर कलते. एमव्हीपी कंपनी याच्या बरोबर उलट जाते: रिमच्या बाहेरच्या कडेला जास्त घनतेचं प्लॅस्टिक घालते, म्हणजे स्पिन टिकतो आणि डिस्क आपली वाट सोडत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हळू हाताच्या खेळाडूला, मग तो लहान मुलगा असो, वयस्क असो किंवा महिन्याभरापूर्वी खेळू लागलेला असो, ‘जड डिस्क घे, तीच खरी’ हा सल्ला देऊ नये. हलका ड्रायव्हर त्याला एस आकाराची वाट पहिल्यांदा दाखवतो. शिवाय खांद्यावर आणि कोपरावर ताण कमी, हेही काही लहान नाही.

मग सगळ्यांनीच हलक्या डिस्क का टाकू नयेत? कारण जे देतं तेच घेतं. हवेचा रोध दोन्ही डिस्कना जवळपास सारखाच, पण हलक्या डिस्कचा वेग त्यामुळे सुमारे १७ टक्के अधिक झपाट्याने घटतो. आणि समोरून वारा आला की खेळ पालटतो. समोरचा वारा म्हणजे डिस्कसाठी वाढलेला वेग, टर्न वाढतो. जड डिस्क जिथे जराशी कलली असती तिथे हलकी डिस्क पूर्ण उलटते आणि उजवीकडच्या झुडपात जाते. वेगवान हाताच्या खेळाडूला तर वारा नसतानाही हीच अडचण येते. पाठीमागचा वारा मात्र हलक्या डिस्कचा सखा. तो टर्न कमी करतो आणि उचलही घटवतो. जड डिस्क लवकर खाली येते, हलकी तग धरते.

अंतराच्या विक्रमांकडेही याच नजरेने पाहावं. २००२ मध्ये ख्रिश्चन सँडस्ट्रॉमने २५० मीटर गाठले, आणि २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनिअरने नेवाडातल्या प्रिम इथे ३३८ मीटर. पाठीशी वाळवंटातला जोरदार वारा, समोर मोकळी जमीन, आणि डिस्क कुठे उतरते याची पर्वा नाही. कोर्सवर अव्वल व्यावसायिकांचे लांब थ्रो साधारण १२० ते १५० मीटरचे असतात. विक्रमाच्या आकड्यावरून कोर्ससाठी डिस्क निवडू नका.

आता कोर्सकडे. हलक्या ड्रायव्हरमुळे कोर्स लहान पडतील, आव्हान संपेल, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. मला ती पटत नाही. ९५ मीटरचा एक होल डोळ्यांसमोर आणा. पहिले ५० मीटर दोन्ही बाजूंना झाडं, मग वाट डावीकडे वळते. उजव्या हाताच्या खेळाडूने इथे हलका ड्रायव्हर टाकला तर तो वळणापाशी अजून उजवीकडे कललेलाच असेल आणि सरळ समोरच्या झाडीत शिरेल. वेळेवर येणारा फेड हवा, आणि तो जड डिस्क देते. पानांच्या फांदीला घासून पुढे निसटण्याची ताकदही जड डिस्कमध्येच. हलकी तिथल्या तिथे गळून पडते. जंगलातल्या होलवर हलका ड्रायव्हर आव्हान कमी करत नाही, उलट कोनाची चूक अधिक कडकपणे दाखवून देतो.

उलट बाजूचं उदाहरण: टी, म्हणजे पहिला थ्रो जिथून टाकतात ती जागा, तिच्यासमोर ७५ मीटर पाणी. ज्याची जड डिस्क ७० मीटरवर पडते, त्याच्यासाठी ते आव्हान नाहीच, ती भिंत आहे. तो दर वेळी बाजूने छोटा थ्रो टाकतो आणि पुढे जातो. हलक्या ड्रायव्हरने त्याला ८० मीटर दिसू लागले की प्रश्न उभा राहतो: वारा कसा आहे, कोन साधेल का, की बाजूनेच जावं? निवड करावी लागते तिथेच आव्हान सुरू होतं. हलक्या ड्रायव्हरचं मोल मला इथे सर्वांत जास्त वाटतं.

याचा अर्थ डिझाइन करणाऱ्यांचं काम संपलं असा नाही. पीडीजीएच्या मार्गदर्शक तत्त्वांत लाल, पांढरा, निळा आणि सोनेरी अशा टी खेळाडूंच्या पातळीनुसार सुचवल्या आहेत. कमी पातळीच्या खेळाडूंसाठी पुढे ठेवलेल्या लाल टीवरून अंतराचा ताण कमी हवा, पण वळणं आणि धोके तेच राहावेत. पुढची टी म्हणजे सरळ, रिकामी पट्टी, असं बऱ्याच ठिकाणी होतं. तिथे हलका ड्रायव्हर खरोखरच सगळं सोपं करून टाकतो, आणि दोष डिस्कच्या माथी मारला जातो.

तुमच्यासाठी कोणतं वजन, हे मी इथून सांगू शकत नाही, मैदान सांगेल. एकाच साच्याच्या, एकाच प्लॅस्टिकच्या दोन डिस्क घ्या, एक १७० च्या वरची, एक १५० च्या आसपासची. डिस्कच्या मधल्या फुगवट्याची उंचीही जुळवून पाहा, कारण एकाच साच्यातल्या डिस्कही किंचित वेगळ्या उतरतात. दोन्ही आळीपाळीने टाका, म्हणजे थकवा एकीच्याच वाट्याला येणार नाही. सर्वांत लांब गेलेला थ्रो विसरा. सरासरी अंतर मोजा, आणि डिस्क डावी-उजवीकडे किती पसरल्या तेही मोजा. पसारा फेअरवेच्या, म्हणजे टोपलीकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्टीच्या, रुंदीत बसत असेल तर हलकी डिस्क बिनदिक्कत बॅगेत टाका. मग वारा समोरून असेल अशा दिवशी पुन्हा मैदानावर जा आणि हीच चाचणी पहिल्यापासून घ्या.