शेजारच्या अक्षरांची गर्दी

(दृश्य: बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक. संध्याकाळ.)

नंदगडच्या आजी नातवाला घेऊन फलाटावर बसल्यात. मोतीबिंदू काढून नवं भिंग घातलंय. तपासणीत तक्त्यावरची बारीक ओळही त्यांनी वाचली. तरी बस आली की मान पूर्ण वळवावी लागते. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाटी लागतच नाही.

तुमचंही तसंच आहे. करून बघा. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही.

(पडद्यावर: मध्ये ठिपका, उजवीकडे 'क'.)

वाचलंत? आता तेच अक्षर, त्याच जागी, तेवढंच.

(पडद्यावर: 'मकल'.)

क कुठं गेला? आहे तिथंच आहे. शेजारी आले आणि तो त्यांच्यात मिसळला. १९७० साली दृष्टीचे संशोधक हर्मन बाउमा यांनी याचं माप सांगितलं: नजरेच्या मध्यापासून अक्षर जितकं लांब, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात शेजारी आले की ते ओळखू येत नाही.

दोष डोळ्याचा म्हणावा, तर मधलं अक्षर एका डोळ्याला आणि शेजारची दुसऱ्याला दाखवली, तरी गर्दी होतेच. दोन्ही डोळ्यांची खबर एकत्र येते ती डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे बघण्याचं काम करणाऱ्या भागात. तिथली वाटणी पक्षपाती. लांब धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या मधल्या नजरेला एकरानं जमीन, कडेच्या एवढ्या पसाऱ्याला गुंठ्यांत. सीमाभागातल्या माणसाला वाटणीचं दुखणं वेगळं सांगायला नको.

(दृश्य: नातवाचा चेहरा, जवळून. उजव्या डोळ्यावर पट्टी.)

झाकलाय तो चांगला डोळा. डावा 'आळशी'. भिंग ठीक, आतला पडदा ठीक. पण अगदी लहानपणी त्यातून धूसर चित्र जात राहिलं आणि कॉर्टेक्सनं त्याचं ऐकणंच कमी केलं. नंतर चष्मा लागला, तरी तेवढ्यानं भागलं नाही. अशा डोळ्याला सुटं अक्षर जमतं, ओळीतलं अडतं, तेही थेट समोर बघताना. म्हणून चांगल्याला रोज काही तास सुट्टी आणि आळशाला काम. वय लहान आहे तोवर हे जास्त साधतं.

(दृश्य: बस फलाटाला लागते.)

पाटीवर गोल गोल कन्नड अक्षरं, एकमेकांना खेटून. नातू डावा डोळा बारीक करून जुळवतोय, "खा... ना..."

आजींना कन्नड वाचता येत नाही. पण ही पाटी त्या आकारावरून ओळखतात. मान वळली, पिशवी उचलली.

"चल रे, जागा मिळायची नाही."