हरळीचे राखणदार

(दृश्य : पहाट. दवाने पांढरी झालेली ग्रीन, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीची आखूड कापलेली हिरवळ; हाती लांब बांबू घेतलेले माळी.)

छत्रपती संभाजीनगर परिसरातील या गोल्फ मैदानावर दिवसाची सुरुवात दव झाडण्याने होते. लांब, लवचिक बांबू जमिनीलगत फिरवत माळी ग्रीनवरून चालत जातात, कारण पात्यांवर ओल जितका वेळ टिकते तितकी बुरशीला सवड मिळते आणि ओल्या गवतावर यंत्राची कापणीही स्वच्छ होत नाही.

हे गवत म्हणजे आपली हरळीच; ग्रीनवर तिचे आखूड व दाट वाढणारे संकरित वाण असते, इतकेच. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जिच्या काश्या वेचून बांधावर टाकल्या, तिलाच येथे शेतकऱ्यांची मुले जोपासतात. हजेरीपटावर त्यांची नोंद मजूर अशी असली, तरी वाफसा पायाखाली ओळखणाऱ्या माणसाला कारागीरच म्हटले पाहिजे.

(दृश्य : कापणीयंत्र, पात्यांचा फिरता दंडगोल.)

ग्रीनवरील गवत सुमारे 4 मिलिमीटरवर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या लांबीहूनही आखूड राखले जाते. काल ज्या दिशेने यंत्र फिरले, त्या दिशेने ते आज फिरवत नाहीत. तसे केल्यास पाती एका अंगाला झोपतात आणि चेंडू त्या अंगाला ओढला जातो.

मराठवाड्याची काळी माती कपाशीला मानवते, ग्रीनला नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून अशा ग्रीनच्या पोटात निचऱ्याचे नळ, त्यावर सुमारे 10 सेंटिमीटर खडी आणि सुमारे 30 सेंटिमीटर वाळूचा थर देण्याची पद्धत आहे. वाळूत पाणी व खत दोन्ही टिकत नसल्याने ती थोडी थोडी, पण वारंवार द्यावी लागतात. पायदळी घट्ट झालेल्या थराला पोकळ दातांच्या यंत्राने भोके पाडून त्यांत चाळलेली वाळू झाडूने लोटतात. पलीकडे ओळीने बसलेल्या बाया लव्हाळा खुरपून काढत आहेत. त्याची गाठ जमिनीत राहिली, तर तो पुन्हा फुटतो.

पाण्याचे म्हणाल, तर एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्यास सांगितले. टंचाईत पाणी आधी फेअरवेचे, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या लांब हिरवळीच्या पट्ट्याचे तुटते, ग्रीनचे शेवटी.

(दृश्य : भोक पाडण्याचे अवजार, जवळून.)

चेंडूच्या भोकाचा व्यास 108 मिलिमीटर असतो. एकाच जागी पाय पडून गवत मरू नये म्हणून भोकाची जागा बदलतात आणि नव्या जागेतून निघालेला गवतासह मातीचा गड्डा जुन्या भोकात बसवतात. तो किंचित वर राहिला, तर यंत्र त्याचा माथा खरवडते. खाली बसला, तर चेंडू अडखळतो. म्हणून माळी तो पुन्हा उचलतो, तळाशी चिमूटभर वाळू घालतो आणि तळहात फिरवून पातळी पाहतो.