अशक्त बदकपिल्लाचे पहिले तीन दिवस

नमस्कार मंडळी. बदकपालनावर व्याख्यान म्हटलं की जाती कोणत्या, खाद्याला खर्च किती, अंड्याला भाव काय, हे ऐकायला लोक येतात. आज ते सगळं मी बाजूला ठेवते. मला एकाच पिल्लाबद्दल बोलायचं आहे. बाकीची भावंडं कोरडी होऊन तुरुतुरु पळायला लागतात आणि एक मात्र कडेला मान टाकून पडलेलं असतं, ते पिल्लू. असं एखादं बऱ्याचदा निघतं. काही घरांत 'हे काही जगायचं नाही' म्हणून ते तसंच सोडून देतात. काही घरांत मायेपोटी लगेच त्याची चोच उघडून दूध नाहीतर पाणी घालतात. माया खरी असते, पण तिने पिल्लू जाऊ शकतं.

म्हणून पहिल्यांदाच सांगते. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. हा क्रम उलटा करू नका. गारठलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नाही. चोचीत ओतलेलं पाणी सरळ श्वासनलिकेत उतरतं. पोटात गेलं तरी थंड आतडी ते पुढे ढकलत नाहीत. आणि उपाशी मरेल ही भीती पहिल्या दिवशी तरी मनातून काढा. पिल्लू बाहेर येण्याआधी अंड्यातला बलक त्याच्या पोटात ओढला जातो. त्यावर ते दोनेक दिवस काढू शकतं. उबेची शिदोरी मात्र त्याच्याकडे नसते. चाळीस-पन्नास ग्रॅमचा जीव, अंगावर ओली लव, आई पांघरायला नाही. ते बघता बघता गार पडतं.

आपल्याकडे ही माहिती कमी का, याचं कारण साधं आहे. देशातलं मोठं बदकपालन पश्चिम बंगाल, आसाम, केरळ या भागांत चालतं. आपण मूळचे कोंबडीवाले. त्यामुळे कोंबडीचे नियम बदकाला लावतो. कोकणात तर बदकाची अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवायची जुनीच पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पण कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांत निघतं, बदकाचं 28 दिवसांत, आणि मस्कोव्ही जातीचं तर साधारण 35 दिवसांत. एकाच रवणीला, म्हणजे उबवणीला, दोन्ही अंडी मिसळून ठेवलीत तर स्वतःची पिल्लं निघाली की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि बदकाची अंडी शेवटच्या आठवड्यात गार पडतात. दुसरं म्हणजे, बदकीण पाण्यात जाऊन येते, तिच्या ओल्या पिसांमुळे अंड्यांना ओलावा मिळतो. कोंबडी कोरडीच बसते. म्हणून शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका हात फिरवावा. यंत्रात उबवत असाल तर शेवटचे तीन दिवस आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर ठेवा आणि झाकण उगाच उघडू नका. आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटला की त्याची सगळी ताकद तिथेच संपते. बरीच अशक्त पिल्लं अशी कवचातच थकलेली असतात.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कवच फोडून मदत करायची का?

पिल्लाने कवचाला पहिली चीर पाडली की लोकांना वाटतं, आता तासाभरात बाहेर येईल. बदकाच्या बाबतीत त्या चिरेपासून बाहेर पडेपर्यंत एक दिवस, कधी दोन दिवस जातात. पिल्लू मधे थांबतं, झोपतं, मग पुन्हा टोचतं. या वेळात आत दोन मोठी कामं चाललेली असतात. पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त अंगात परत येतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. चिरेतून पाहिलंत आणि पिल्लू चोच चघळल्यासारखी हलवत असेल, तर समजा की बलक अजून आत जातो आहे. त्या वेळी कवच काढलंत तर रक्त वाहतं, किंवा बेंबीशी बलकाची पिशवी बाहेर राहते. अशा पिल्लाला पुढे वाचवणं फार अवघड.

चीर पडून पूर्ण दिवस उलटला, पुढे काहीच सरकलं नाही आणि पापुद्रा पांढरा, कोरडा दिसतो आहे, तेव्हाच हात लावा. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पापुद्रा भिजवा, आणि लाल रेघ दिसली की तिथेच थांबून अंडं परत उबेत ठेवा. रक्तवाहिन्या दिसत नसतील तर रुंद टोकाकडून कवचाचे छोटे तुकडे काढा. शेवटचं ढकलणं पिल्लालाच करू द्या. ते पाय ताणून बाहेर येतं, त्यात त्याच्या पायांना जोर येतो.

आता ऊब. पुठ्ठ्याचं खोकं, वर बल्ब, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण गेल्या काही वर्षांत घरोघरी एलईडी आले, आणि लोक तेच खोक्यावर टांगतात. उजेड भरपूर पडतो, ऊब पडत नाही. जुना, तारेचा पिवळा बल्ब शोधून आणा. 60 वॅटचा एका लहान खोक्याला पुरतो. तो पुठ्ठ्याला किंवा कापडाला टेकू देऊ नका आणि वायरवर लोंबकळत ठेवू नका, तारेने पक्का बांधा. वीज गेली तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून, पिल्लाच्या पाठीशी ठेवा.

निरोगी पिल्लांना पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास पुरतं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचं. त्यांची वागणूकच मापक असते. बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर गारठा आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. अशक्त पिल्लाला मात्र सरकताच येत नाही. जास्त तापलं तरी ते तिथेच भाजत पडतं. म्हणून त्याच्यासाठी थर्मामीटर त्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा आणि 34-35 अंशांवर लक्ष ठेवावं. मधून मधून त्याचे पाय बोटांत धरून पाहा. पायाचे पडदे गार लागत असतील तर अजून काही पाजू नका.

पाय कोमट झाले, मान थोडी उचलली, की पाणी. कपभर कोमट पाण्यात चमचाभर साखर किंवा ग्लुकोज. चोच उघडायची नाही. चोचीच्या कडेला एक थेंब टेकवा, ते जीभ हलवून ओढून घेतं. गिळलं की पुढचा. दूध अजिबात नको. साखरपाणीही पहिल्या काही तासांपुरतंच, मग साधं पाणी.

पाण्याचं भांडं कसं असावं, यातही बदक वेगळं. त्याला चोचीबरोबर नाकपुड्या बुडवून धुता आल्या पाहिजेत, नाहीतर ओलं खाद्य वाळून नाक बुजतं. पण ते पिल्लू त्या भांड्यात बसू शकता कामा नये. भांड्यात गोटे टाका, म्हणजे चोच जाते, अंग जात नाही. आईविना वाढणारं अशक्त पिल्लू ओलं झालं की काही मिनिटांत गार पडतं. आईबरोबरची पिल्लं दुसऱ्या दिवशी डबक्यात उतरतात हे खरं, पण बाहेर आली की ती आईच्या पोटाखाली शिरतात.

खाण्याकडे वळते, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण पायाने अधू झालेली कितीतरी पिल्लं मुळात खाण्यामुळे अधू झालेली असतात. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. खाद्याच्या किलोमागे साधारण 55 मिलिग्रॅम. आपण काय घालतो? तांदळाच्या कण्या, उरलेला भात. त्यात ते पुरेसं नसतं. मक्यातलं नायसिन असं बांधलेलं असतं की अंगी लागत नाही. मग पिल्लू घोट्यावर बसायला लागतं, सांधे सुजतात, पाय वाकतात. कोंबडीपिल्लांचं स्टार्टर खाद्य द्या, पण पाण्याने ओलं करून, आणि त्यासोबत पोल्ट्रीच्या औषधांच्या दुकानात मिळणारं बी-कॉम्प्लेक्सचं द्रावण पाण्यातून द्या. मात्रा बाटलीवर असते, किंवा डॉक्टरांना विचारा. पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात आलं तर पाय बरेचदा सुधारतात. हाड वाकडं होऊन पक्कं झाल्यावर फारसं काही करता येत नाही.

नायसिन शेंगदाण्यात भरपूर असतं. मग शेंगदाणा पेंड घालू का, असं विचारलं जातं. मी नको म्हणते. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले. रोग कोणता ते कळेना. बदकांची पिल्लंही मरत होती. शोध घेत गेल्यावर धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीशी पोचला. पेंडीवर बुरशी होती, आणि त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं हळवं, की त्यानंतर प्रयोगशाळांत विष आहे का ते तपासायला एक दिवसाची बदकपिल्लंच वापरत. त्या पिल्लांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्या पावसाळ्यात, जमिनीवर ठेवलेल्या पोत्यात, पेंडीला आणि मक्याला बुरशी धरायला किती दिवस लागतात? कुबट वास आला, गोळे झाले, तर ते खाद्य उन्हात वाळवूनही वापरू नका. वाळवल्याने बुरशी मरेल, विष तसंच राहतं. खोक्यात अंथरलेलं तूस किंवा पेंढाही कोरडाच हवा, कारण बुरशीचे कण फुप्फुसात जाऊन पिल्लं धापा टाकत मरतात.

खोक्याच्या तळाला वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय घसरून दोन बाजूंना फाकतात. जुनं खरखरीत सुती कापड घाला. पाय फाकलेच असतील तर मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय त्यांच्या स्वाभाविक अंतरावर सैलसर जोडून ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत केलं तर पाय लवकर सरळ होतात. बेंबी ओली असेल तर पोव्हिडोन आयोडिन लावा. बेंबीला वास येत असेल, पोट निळसर फुगलं असेल, तर आत संसर्ग पसरला आहे. तिथे घरगुती उपाय चालणार नाही.

अशक्त पिल्लाला वेगळं ठेवावं लागतं, कारण भावंडं त्याला तुडवतात. पण एकटं पडलेलं पिल्लू ओरडून ओरडून उरलेली ताकद घालवतं. अमेरिकेतले अभ्यासक गिल्बर्ट गॉटलिब यांनी दाखवून दिलं की बदकाचं पिल्लू अंड्यात असतानाच स्वतःचा आवाज ऐकत असतं, आणि त्या ऐकण्यावर आपल्या जातीच्या आईची हाक ओळखणं अवलंबून असतं. आवाज त्याच्यासाठी इतका महत्त्वाचा. म्हणून त्याच खोक्यात मधे जाळी लावा, पलीकडे भावंडं ठेवा. दिसतात, ऐकू येतात, तुडवत नाहीत. दिवसभर हातात घेऊन बसू नका. ते माणसाच्या मागे लागलं की पुढे कळपात रुळायला त्याला जड जातं. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांनी त्याचे पापे घेऊ नयेत, या पिल्लांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येतो.

सगळी वाचत नाहीत. काहींची आतली घडणच अपुरी असते. पण एक पिल्लू अशक्त असणं आणि पिल्लांमागून पिल्लं मरणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. चांगली हिंडणारी पिल्लं अचानक आडवी पडून, मान मागे ताणून, तासाभरात जात असतील तर तो यकृताचा विषाणूजन्य रोग असू शकतो. मोठी बदकं किंवा कोंबड्याही मरत असतील तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा 2006 मध्ये आपल्याच नवापूरला सापडला होता. मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

पाण्यात कधी सोडायचं, असं मागच्या रांगेतल्या ताई विचारतायत. आईविना वाढवलेलं असेल तर पोटाखाली खरी पिसं येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे, तळ्यात नाही. त्याआधी दोनेक आठवड्यांचं, धडधाकट झालेलं असेल, तर दुपारच्या उन्हात, परातीत कोमट पाणी घालून, तुम्ही शेजारी बसून, थोडा वेळ. बाहेर काढल्यावर पुसून लगेच बल्बखाली. भावंडांमध्ये परत घालताना आधी दिवसा घाला आणि अर्धा तास तिथेच थांबा. इतरांबरोबर भांड्यापर्यंत पोचून स्वतः खात असेल तर रात्रीही त्यांच्यातच राहू द्या.