इनामगावचा बांध आणि पाट

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेला जाऊन मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, इनामगावची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडे आहेत. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने येथे अनेक हंगाम उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. घरे, चुली आणि रंगीत मडकी इतरत्रही सापडली आहेत. इनामगावचे वेगळेपण मात्र एका भक्कम बांधात आणि त्याच्या जोडीने खोदलेल्या पाटात आहे.

हा मुलूख पर्जन्यछायेतला असून येथे पावसाचा भरवसा कधीच नसतो. घोडेला पूर आला की ते पाणी बांधाने अडवून पाटात वळवायचे आणि शेतांपर्यंत न्यायचे, असा या रचनेचा अर्थ ढवळीकरांनी लावला. येथील मुख्य पीक जवाचे असले, तरी गव्हाचे जळके दाणेही मिळाले आहेत, आणि गव्हाला लागणारे पाणी पाहता हा अर्थ पटण्याजोगा वाटतो.

लोखंड हाती नसलेल्या आणि तांबेही जपून वापरणाऱ्या माणसांनी एवढी माती उपसली, ती एका कुटुंबाच्या बळावर नव्हे. बांधाची डागडुजी, पाटातला गाळ आणि पाण्याची पाळी यांसाठी साऱ्या गावाला हुकूम मानायला लावणारे कोणीतरी असलेच पाहिजे. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर आणि धान्याचे कोठार सापडले. त्या घराच्या अंगणात, चार पायांच्या, फुगीर पोटाच्या कच्च्या मातीच्या रांजणात, सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष मांडी घातलेल्या स्थितीत पुरलेला होता. इनामगावात प्रौढ मृतांची पावले तोडून त्यांना पुरण्याची रीत होती; या पुरुषाची पावले मात्र शाबूत होती. त्याला राजा म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण गावात त्याचा शब्द चालत असावा.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, असे ढवळीकरांचे मत होते. शेती खालावली, शेळ्यामेंढ्यांवरची भिस्त वाढली आणि प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी गाव ओस पडले.