लाखभर रुपयांत घरचा रोबो? आधी खांद्याचं गणित बघू

(हातात छोटी सर्व्हो मोटर)

नमस्कार मंडळी! ही एमजी९९६आर, एक सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन नुसतं नाव सांगा, काउंटरवरचा माणूस मान वर न करता काढून देतो. काहीशे रुपयांची वस्तू. घरी बनवलेले, मान डोलावणारे, नमस्कार करणारे जे रोबो तुम्ही व्हिडिओंत बघता, त्यातल्या बऱ्याच जणांच्या सांध्यांत ही किंवा हिची भावंडं बसलेली असतात.

आता प्रश्न. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात, आजी दिवसभर एकटी. तिच्याशी गप्पा मारेल, गोळ्यांची आठवण करेल आणि पाणी आणून देईल, असा माणसासारखा रोबो लाखभर रुपयांत बनेल का?

गप्पा मारणारा बनेल. पाणी आणून देणारा नाही बनणार. आणि का नाही, हे समजायला एआय वगैरे काही लागत नाही, शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

(हात समोर सरळ धरून) खांद्यापासून पंजापर्यंत समजा ५० सेंटिमीटर. पंजात एक लिटरची भरलेली बाटली, म्हणजे १ किलो. वजन गुणिले अंतर, म्हणजे खांद्यावर वळवणारा ताण (टॉर्क) आला ५० किलो-सेंटिमीटर. आता हाताचं स्वतःचं वजन. ते २ किलो धरा, त्याचा भार मधोमध, २५ सेंटिमीटरवर. म्हणजे आणखी ५०. एकूण १००.

आणि ही आपली मोटरबाई किती उचलते? ६ व्होल्टवर ११. तोही स्टॉल टॉर्क, म्हणजे मोटर जागच्या जागी अडकून तापायला लागते तेव्हाचा आकडा. रोजच्या वापराला त्याचा तिसरा हिस्सा धरा. आपल्याला हवेत शंभर, हातात आहेत साडेतीन-चार.

तुम्ही म्हणाल, बाटली कशाला, अर्धा पेला पाणी दे की! ठीक आहे. पण बघा, शंभरातले पन्नास पाण्याचे नाहीतच, हाताचे आहेत. पंजा रिकामा असला तरी ते भरावेच लागतात. मग कोपरात दणकट मोटर टाकावी, तर तिचं वजन खांद्यावर येतं. खांद्याची मोटर मोठी करावी, तर धड जड होतं, ते सांभाळायला कंबर मजबूत करावी लागते, बॅटरी वाढते, आणि बॅटरीचंही वजन असतंच. कर्ज फेडायला कर्ज काढावं तसला प्रकार. ह्युमनॉइडची, म्हणजे माणसासारख्या रोबोची, किंमत इथे वाढते. त्याच्या डोक्यात काय भरलंय, हा फार पुढचा प्रश्न.

टॉर्क वाढवायचा सरळ उपाय म्हणजे गिअर. पण स्वस्त गिअरमध्ये दात आणि दातामध्ये फट असते. कोपराला केसभर ढिलाई असेल तर बोटाच्या टोकाशी ती चांगली दिसण्याइतकी होते, आणि खांद्याची ढिलाई तिच्यात मिळवली की कप बशीवर न बसता ओट्यावर बसतो. हार्मोनिक ड्राइव्ह नावाचा बिनफटीचा गिअर मिळतो, पण एका सांध्याच्या त्या किमतीत तुमचं सगळं बजेट संपेल. अलीकडे दुसरी वाट रुळली आहे: चपटी, रुंद मोटर आणि अगदी कमी गिअर. एमआयटीच्या मिनी चीता या ९ किलोच्या चारपायी रोबोने २०१९ मध्ये ती गाजवली.

त्यानंतर भाव खरंच उतरले, नाही म्हणता येणार नाही. युनिट्री या चिनी कंपनीचा जी१ हा ह्युमनॉइड २०२४ मध्ये १६,००० डॉलरपासून सुरू झाला, आणि २०२५ मध्ये त्यांचा आर१ आला ३९,९०० युआनला. म्हणजे पाच लाखांच्या आतबाहेर, तेही आयातीचा खर्च न धरता. पण जाहिरातीतली उडी बघून हुरळू नका. जी१च्या मूळ किमतीत कामाची बोटं येत नाहीत, मूठच येते. मुठीने आजीच्या गोळ्यांचं पाकीट फोडता येत नाही. बॅटरी जी१ची साधारण दोन तास, आर१ची साधारण एक.

आता पायांकडे येऊ. इथे माझं मत ठाम आहे: पाय नकोत.

दोन पायांचा रोबो उभा असतो म्हणजे सतत स्वतःला पडण्यापासून वाचवत असतो. कारखान्यातलं यंत्र बिघडलं की लाल बटण दाबायचं, यंत्र थांबतं. इथे लाल बटण दाबलं की वीज गेली, वीज गेली की तोल गेला, आणि जी१सारखा ३५ किलोचा ऐवज खाली येणार. कुठे? बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात ५०० चौरस फूट मिळाले तरी कपाट, दिवाण, शिलाई मशीन आणि टीपॉय मांडून झाल्यावर पडायला मोकळी जागा उरते ती आजीच्या अंगावरच. त्यात मोरीचा ओला उंबरठा, दारातल्या चपला आणि पावसाळ्यात घरभर वाळत घातलेले कपडे. घरात वावरणाऱ्या रोबोंच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १३४८२, २०१४ सालचं. पण मानक असणं आणि आपल्या घरात तो पडला तर काय होईल याची खात्री असणं वेगळं. जपानच्या सॉफ्टबँकचा पेपर नावाचा रोबो आठवतोय? माणसासारखं धड, पण खाली चाकं. तेच शहाणपण. उंबरठा अडवेल हे मान्य, पण अडलेला रोबो कुणाला इजा करत नाही.

बोलण्याचा भाग मी पटकन उरकतो, कारण तो बराचसा सुटलाय. २०१७ च्या डिसेंबरात सोफिया ही माणसासारखी रोबो साडी नेसून पवईला आयआयटीच्या टेकफेस्ट महोत्सवात आली, तेव्हा गर्दी उसळली होती. पुढे त्याच पवईत, आयआयटीच्या आवारातल्या केंद्रीय विद्यालयाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, प्लास्टिक, थर्माकोल असल्या टाकाऊ सामानातून शालू बनवली. खर्च साधारण ५०,००० रुपये, आणि ती ९ भारतीय भाषांत बोलते! म्हणून सुरुवातीला म्हटलं, बोलणारा बनेल. भारतीय भाषांसाठी आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतची खुली मॉडेलं आहेत, सरकारची भाषिणी ही भाषांतर सेवा आहे. अडचण आहे ती कानाची. डोक्यावर पंखा, समोर मालिका, आत कुकर, आणि आजीने कवळी काढून ठेवलेली. कॅमेऱ्यावरचे पैसे कमी करा, पण चार चांगले मायक्रोफोन बसवा.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. २०२५ च्या ऑक्टोबरात वन-एक्स कंपनीने निओ हा घरगुती ह्युमनॉइड विक्रीला काढला: २०,००० डॉलर किंवा महिना ४९९ डॉलर. वजन ३० किलोच्या आसपास, अंगावर मऊ आवरण. मोटरी दोऱ्यांसारख्या तारांनी सांधे ओढतात, त्यामुळे हात हलका राहतो. इंजिनिअर म्हणून मी टाळ्या वाजवल्या. पण त्याला जे काम जमत नाही ते कंपनीचा माणूस दुरून, रोबोच्या डोळ्यांतून बघत करून देऊ शकतो. अमेरिकेतल्या चार खोल्यांच्या घरात तुम्ही दार लावून घ्याल. एका खोलीच्या बिऱ्हाडात, जिथे आंघोळ, कपडे बदलणं, पैशांची भांडणं सगळं एकाच छताखाली चालतं, तिथे कॅमेऱ्याच्या मागे जायला जागाच नाही.

आणि स्वस्त रोबो स्वस्त कसा होतो? बहुतेक वेळा मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून. जिबो हा बोलका घरगुती रोबो २०१४ मध्ये लोकवर्गणीतून आला, २०१९ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. मुलांशी गप्पा मारणारा मॉक्सी ७९९ डॉलरचा होता, २०२४ च्या अखेरीस कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं कळवलं. मिक्सर बंद पडला तर आपण दुसरा आणतो. पण सोनीने जुन्या आयबो या रोबो-कुत्र्यांची दुरुस्ती २०१४ मध्ये थांबवली, तेव्हा जपानमध्ये चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात त्यांचे अंत्यविधी झाले. जीव लावायला शिकवणारी वस्तू विकायची आणि तिचा प्राण भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचा, हा मला बनवेगिरीचा धंदा वाटतो. वायफाय गेलं तरी गोळ्यांची वेळ आणि घरच्यांची नावं त्याला आलीच पाहिजेत, मग गप्पा थोड्या बावळट झाल्या तरी चालतील.

तर माझा लाखभराचा रोबो असा: खाली जड चाकाचा पाया, बॅटरी त्यातच, म्हणजे तोल खाली राहतो. वर धड आणि चेहरा. हात दोन नकोत, एकच, आणि तो फक्त अर्ध्या किलोपर्यंत. पाणी नाही, पण चष्मा, मोबाइल, रिमोट. कॅमेऱ्याला हाताने सरकवायचं झाकण, सॉफ्टवेअरचं बटण नव्हे. आणि खांद्यात स्प्रिंग, टेबललॅम्पच्या दांडीत असते तशी, जी हाताचं वजन स्वतः तोलून धरेल. म्हणजे मघाचे ते हाताचे पन्नास मोटरवर पडणारच नाहीत.

(कागदावर काढलेला खांदा दाखवत) पुढच्या भागात हाच जोड बनवायचाय. स्प्रिंग कुठली घ्यायची, किती ताणाची, आणि ती तुटली तर हात धाडकन खाली येऊ नये म्हणून अडसर कुठे बसवायचा, ते मोजून बघू. वजनकाटा आणि फूटपट्टी घेऊन बसा.