दहा तासांची बॅटरी आणि सोलापूरचं ऊन

(दृश्य: नवी पेठ, संध्याकाळची गर्दी, लॅपटॉपच्या दुकानाचं काउंटर)

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कुठल्याही लॅपटॉपच्या दुकानात जावा, डेमो पीसवर माहितीचं स्टिकर किंवा कार्ड असतंच, प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी किती आणि त्याच्याच खाली बॅटरी, 8 तास, 10 तास, काहींवर तर 15 तास. घ्यायला आलेली माणसं बघा, इंजिनिअरिंगला ॲडमिशन झालेलं पोरगं आणि त्याचे वडील, घरून जीएसटीची रिटर्नं भरणारी ताई, पुण्यात नोकरी लागलेली मुलगी. वडील विचारतात, "दादा, एकदा चार्ज केलं की किती वेळ चालतंय?" आणि दुकानदार त्या कार्डावर बोट ठेवतो. त्याच्याकडंही तेवढीच माहिती असते, त्यामुळं त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही.

आणि थोड्याच महिन्यांत तेच पोरगं अभ्यासिकेत प्लगशेजारची खुर्ची मिळावी म्हणून सकाळी लवकर जाऊन रुमाल टाकून येतं. मित्र विचारतात, "का बे, दहा तास चालतंय म्हणला होतास की." त्याच्याकडं उत्तर नसतं, त्याला वाटतं आपलाच पीस खराब निघाला. बहुतेक वेळा पीस खराब नसतो, आणि हे त्या पोराला कुणीतरी नीट सांगायला पाहिजे म्हणून हा व्हिडिओ.

(दृश्य: सोलापूर स्टेशन, पहाट)

दुकानात वाद घालून आकडा खरा का खोटा ते कळत नाही, म्हणून लॅपटॉप घेऊन सरळ हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलो. सोलापूर-पुणे करणाऱ्यांना ही गाडी सांगायला नको, सकाळी साडेसहाच्या आसपास निघते आणि साधारण चार तासांत पुणे, सोमवारी तर डब्यात लॅपटॉप उघडून बसलेली पोरं कितीतरी दिसतात. आमचा लॅपटॉप नवाच होता, 50 वॉट-अवरची बॅटरी, कंपनीच्या वेबसाईटवर 10 तास लिहिलेलं. 100 टक्के करून चढलो. काम रोजचंच, फोनचा हॉटस्पॉट, क्रोममध्ये डझनभर टॅब, एक्सेलची शीट आणि मधे टीम्सवर एक मीटिंग.

कुर्डुवाडीला 80 टक्के. तिथून पुढं ऊन खिडकीतून सरळ स्क्रीनवर, काही दिसेचना, ब्राइटनेस फुल करावा लागला. मीटिंग जेऊर आणि भिगवणच्या मधे झाली आणि टक्के अक्षरशः डोळ्यादेखत उतरत होते, कारण मीटिंगमध्ये कॅमेरा चालू, माईक चालू, आपला व्हिडिओ सतत दाबून पाठवायचा, समोरच्या सगळ्यांचा उलगडून दाखवायचा, आणि वायफायला क्षणभर उसंत नाही. दौंडला 43. पुण्यात उतरलो तेव्हा 15.

आता हिशोब करू, अवघड नाहीये. बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-अवरमध्ये मोजतात, लॅपटॉप किती वीज खातो ते वॉटमध्ये, पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की तास आले. चार तासांत 85 टक्के गेले, म्हणजे साडेबेचाळीस वॉट-अवर, भागिले चार, साधारण साडेदहा वॉट. आणि कंपनी म्हणते तसे 10 तास पाहिजे असतील तर त्याच बॅटरीवर लॅपटॉपनं फक्त 5 वॉटमध्ये भागवायला पाहिजे. निम्म्याहून कमी!

मग दुसऱ्या बाजूनं पण बघितलं. घरी, रात्री, एअरप्लेन मोड चालू, ब्राइटनेस कमी, आधीच डाउनलोड करून ठेवलेला व्हिडिओ हेडफोन लावून एकामागून एक चालू ठेवला, बाकी सगळं बंद. आणि खरंच तोच लॅपटॉप साडेनऊ तासांच्या पुढं गेला. म्हणजे कंपनीनं आकडा हवेतून काढलेला नव्हता. नुसता व्हिडिओ चालतो तेव्हा प्रोसेसरचा मोठा भाग झोपलेला असतो, व्हिडिओ उलगडायचं काम चिपमधला एक छोटा खास भाग करतो आणि तो अगदी थोड्या विजेत भागवतो. जाहिरातीत सगळ्यात मोठा आकडा दिसला की समजा तो बहुतेक व्हिडिओ प्लेबॅकचाच असणार, आणि लॅपटॉप काही कुणी नुसते पिक्चर बघायला घेत नाही.

हा प्रकार आजचा नाही. 2009 मध्ये एएमडी, म्हणजे स्वतः प्रोसेसर बनवणारी कंपनी, उघडपणे म्हणाली की बॅटरी मोजायची पद्धत ग्राहकाला फसवणारी आहे. तेव्हा सगळे मोबाईलमार्क 2007 नावाची टेस्ट वापरायचे, बॅपको नावाच्या संघटनेची, जिच्यात इंटेल, लॅपटॉप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आणि तेव्हा खुद्द एएमडीसुद्धा सभासद. त्या टेस्टमध्ये स्क्रीन 60 निट्सवर, वायफाय बंद. निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप, साध्या लॅपटॉपची स्क्रीन फुल केली की 250 ते 300 निट्सला जाते, त्यातले 60 म्हणजे दिवसा उघड्या खिडकीशेजारी जवळजवळ काळीच. नंतर टेस्टा सुधारल्या हे मान्य करायला पाहिजे. जपानमध्ये जेइटा नावाच्या कंपन्यांच्या संघटनेची टेस्ट आहे, तिच्या 2.0 आवृत्तीत 150 निट्सवर व्हिडिओ चालवून एक वेळ काढायचे, स्क्रीन सगळ्यात मंद करून काहीच न करता लॅपटॉप नुसता उघडा ठेवून दुसरी वेळ काढायचे, आणि दोन्हींची सरासरी तो आकडा. काहीच न करता! त्या सरासरीत माझं आणि तुमचं काम कुठं आलं?

ब्रिटनमध्ये विच नावाची ग्राहकांची संस्था आहे, त्यांनी 2017 मध्ये लॅपटॉप स्वतः मोजले आणि जाहिरातीशेजारी आकडे मांडले. लेनोवोच्या योगा 510 ला कंपनी 5 तास म्हणत होती, त्यांच्याकडं चालला 2 तास 7 मिनिटं. उलट ॲपलचा 13 इंची मॅकबुक प्रो 10 तासांचा दावा असताना 12 तास चालला. ॲपलचं एक मला आवडतं, वेब वापरताना किती आणि पिक्चर बघताना किती हे ते वेगवेगळं लिहितात, एम2 चिपवाल्या मॅकबुक एअरला वेबसाठी 15 आणि व्हिडिओसाठी 18, आणि ब्राइटनेस खालून 8 टप्प्यांवर ठेवला होता हेही खालच्या टीपेत देतात. आकडा जास्त का कमी हा भाग वेगळा, पण कसा मोजला ते सांगितलंय. एवढी साधी गोष्ट बाकीच्यांना का जमत नाही हा माझा प्रश्न आहे. बाईकच्या ॲव्हरेजचं आपल्याला कळलंय, कंपनी 70 म्हणाली तर आपण मनात 50 धरतो, लॅपटॉपबाबतीत मात्र लोक अजून कार्डावरचंच खरं धरून चाललेत आणि त्यावर साठ-सत्तर हजारांचा निर्णय घेतात, कधी कधी हप्त्यावर.

(दृश्य: मे महिना, दुपार, पत्र्याच्या छताची खोली)

आणि हे सगळं झालं नव्या बॅटरीचं. सोलापुरात खरी गोष्ट सुरू होते ती उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये इथं 40 च्या वर पारा हे रोजचंच, 43-44 सुद्धा जातो, आणि कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत हे ऊन धरलेलं नसतं. लिथियम-आयन बॅटरीचे दोन मोठे शत्रू, एक उष्णता आणि दुसरा कायम फुल चार्ज राहणं, आणि आपल्याकडं दोन्ही एकत्र येतात. बॅटरी 25 अंशाला फुल चार्ज करून वर्षभर ठेवली तर साधारण 80 टक्के क्षमता उरते, तीच 40 अंशाला ठेवली तर 65 च्या आसपास. आणि त्याच 40 अंशाला पण 40 टक्केच चार्ज करून ठेवली, तर 85. म्हणजे ऊन आपल्या हातात नसलं तरी चार्ज किती ठेवायचा ते आहे.

आपण काय करतो? लाईट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून चार्जर दिवसरात्र लावून ठेवतो. आणि लॅपटॉप कुठं, तर गादीवर, सोलापुरी चादरीवर. चादर आमचा अभिमान आहे, पण बऱ्याच लॅपटॉपना हवा खालच्या जाळीतून लागते, जाड चादरीत ती जाळी पूर्ण बुजते, फॅन बोंबलत राहतो आणि बॅटरी तिथंच तळहाताखाली भाजत असते. खाली पाट घ्या, जुनी फाईल घ्या, परीक्षेचं पॅड घ्या, एवढ्यानं फरक पडतो. शिवाय लेनोवो, आसुस, एचपी, डेल सगळ्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जिंग 80 च्या आसपास थांबवायची सेटिंग असते, कंपनीच्या ॲपमध्ये नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज चालू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, दिवसभर टेबलावरच काम असेल तर ती चालू करून टाका.

(दृश्य: दुकानाचं काउंटर, लॅपटॉपची स्क्रीन जवळून)

आता हे बघा. बीएस्सीला असलेली एक मुलगी, लॅपटॉप तीन वर्षांचा, तक्रार एवढीच की दीड तासात बंद पडतोय. दुकानदारानं काळी कमांडची विंडो उघडली आणि एक ओळ टाईप केली, पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश, बॅटरीरिपोर्ट, स्पेलिंग स्क्रीनवर दाखवतोय, कुठल्याही विंडोजच्या लॅपटॉपवर फुकट चालतं. एक फाईल तयार होते. त्यातल्या दोन ओळी वाचायच्या. डिझाईन कपॅसिटी, म्हणजे कारखान्यातून निघताना किती मावायचं, तिथं 41,040 मिलीवॉट-अवर. फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज किती मावतंय, तिथं 28,700. ती म्हणाली, "म्हणजे शंभर टक्के दाखवतं ते शंभर नाहीचे?" हो, ते आज उरलेल्या बॅटरीचे शंभर. मूळच्या हिशोबात सत्तर. मग दीड तासाचं कोडं पण सुटलं, कारण टास्क मॅनेजर, म्हणजे कुठलं ॲप किती खातंय ते दाखवणारी विंडो, उघडला तर क्लासचं कुठलंतरी ॲप मागं प्रोसेसर निम्मा खात बसलेलं.

कायद्याचं पण सांगतो. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असं आहे की खालच्या टीपेच्या आडून मुख्य दाव्याबद्दलची महत्त्वाची माहिती लपवायची नाही, आणि टीप दाव्याच्याच भाषेत, त्याच फाँटमध्ये पाहिजे. आता तुमच्या लॅपटॉपच्या जाहिरातीत 10 तास केवढे मोठे आणि कसे मोजले ते केवढं बारीक, बघा. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915. ब्राइटनेस किती, वायफाय चालू का बंद, काय काम करून मोजलं, हे मोठ्या अक्षरात लिहा एवढंच मागणं आहे, आणि ते आपण मागत राहायला पाहिजे.

दुकानात मात्र तास विचारूच नका, वॉट-अवर विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या स्पेसिफिकेशन पानावर असतं. साधं ऑफिसचं काम, क्रोम, अधूनमधून मीटिंग, याला 8 ते 12 वॉट धरा आणि भागा, 42 चा असेल तर साडेतीन ते पाच तास, 70 चा असेल तर सहा ते पावणेनऊ. जास्तीत जास्त 99 च्या आसपासचे मिळतील, कारण विमानात परवानगी न घेता 100 वॉट-अवरपर्यंतच बॅटरी नेता येते आणि कंपन्या तिथंच थांबतात. गेमिंगचा लॅपटॉप असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड चालू झाल्यावर हा हिशोब विसरा, तासाभरात प्लग शोधाल.

आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर. स्वस्तातल्या बॅटरीवर छापलेले वॉट-अवर आणि आतले सेल यांचा मेळ असेलच असं नाही, आणि मघाचा तो बॅटरीरिपोर्ट बॅटरीतली चिप जे सांगते तेच दाखवतो, चिपमध्ये चुकीचं भरलेलं असेल तर रिपोर्टही चुकीचाच येणार. त्यामुळं नवी टाकल्यावर लगेच निघू नका, फुल चार्ज करून घ्या, तिथंच युट्युब लावून अर्धा तास बसा, किती टक्के उतरली ते बघा, आणि पक्क्या बिलावर वॉट-अवर आणि वॉरंटी दोन्ही लिहून घ्या.